‘काही नाही’ म्हणजे नेमकं काय?

ठाण्यात राहणाऱ्या माणसाच्या नशिबी एक जोक लिहिलेलाच असतो. ऑफिसात नवीन कुणी जॉइन झालं, की कॅण्टीनमध्ये पहिला प्रश्न, ‘कुठे राहतेस?’ आपण म्हणायचं, ‘ठाण्याला.’ की लगेच, ‘अच्छा! आत की बाहेर?’ मग टाळी, हशा, आणि आपणही कसनुसं हसून चहाचा घोट घ्यायचा. १९०१ साली इथे मनोरुग्णालय सुरू झालं, आणि तेव्हापासून अख्ख्या मुंबईनं ‘याला ठाण्याला पाठवा’ हा डायलॉग पाठ करून टाकला. पुण्याकडे येरवडा, आमच्याकडे ठाणे. आम्ही कोपरीकर तर रुळांच्या या बाजूला आणि हॉस्पिटल त्या बाजूला, म्हणजे आम्हाला शेजारधर्म म्हणून दोन जोक जास्त!

मला या जोकचा राग येत नाही. सवय झालीय. पण त्याचा एक हिशेब कुणी मांडत नाही. बारा-पंधरा वर्षांचं पोरगं हेच ऐकत मोठं होतं. डोक्याचं काही बिनसलं की माणूस ‘ठाण्याला’ जातो आणि लोक हसतात, एवढं त्याच्या मनात पक्कं बसतं. मग एक दिवस त्याचंच काहीतरी बिनसतं. सकाळी उठवत नाही, पुस्तकातली ओळ डोक्यात शिरत नाही, आवडती मॅचसुद्धा बघाविशी वाटत नाही. आई विचारते, ‘काय झालंय?’ तो काय सांगणार? ‘काही नाही.’

या आठवड्यात मला या ‘काही नाही’बद्दलच बोलायचंय.

शब्द स्वस्त, आजार महाग

‘डिप्रेशन’ हा शब्द आपण किती उधळतो बघा. सोमवार आला, डिप्रेशन. इन्क्रिमेंट कमी मिळालं, डिप्रेशन. आठ बावीसची फास्ट चुकली, महाडिप्रेशन! आणि जिथे तो खरंच वापरायला हवा, तिथे मात्र आपण ‘वय आहे तसं’, ‘मोबाइलचं खूळ’, ‘लाडावलाय’ असे एकापेक्षा एक पर्याय शोधून काढतो.

वय असतंच तसं, हे खरं. टीनएजर चिडणार, दार आपटणार, उलट बोलणार. त्यांचं झोपेचं घड्याळसुद्धा त्या वयात पुढे सरकतं, त्यामुळे रात्री जागणं आणि सकाळी न उठणं हा सगळा आळशीपणा नसतो. मग मूड आणि आजार यांत फरक करायचा कसा?

डॉक्टर लोक साधारण तीन गोष्टी बघतात. पहिली, किती दिवस? दोन आठवडे किंवा जास्त, जवळपास रोज, दिवसाचा बराचसा वेळ. दुसरी, आधी कसा होता? म्हणजे शेजारच्या हुशार मुलीशी तुलना नाही, त्याची त्याच्या स्वतःशीच तुलना. तिसरी, काय काय बंद पडलं? शाळा-कॉलेज, जेवण, झोप, मित्र, आंघोळ, यांतलं किती कोलमडलंय?

आणि एक गोष्ट जी भल्याभल्यांना माहीत नसते. मोठ्या माणसाचं डिप्रेशन म्हटलं की आपल्याला कोपऱ्यात रडत बसलेला चेहरा आठवतो. मुलांमध्ये ते पुष्कळदा चिडचिड होऊन बाहेर येतं. उदास दिसतच नाही, उद्धट दिसतं. शिवाय पोट दुखतं, डोकं दुखतं, थकवा जात नाही. आईवडील पोटाच्या डॉक्टरकडे नेतात, रिपोर्ट नॉर्मल येतात, आणि मग घरात शिक्का बसतो, ‘नाटकं करतोय!’

तुम्हाला का सांगतेय?

तुम्ही म्हणाल, आमचं लग्नच अजून ठरत नाहीये आणि तू टीनएजर मुलांचं काय घेऊन बसलीस? हे पेरेंटिंगच्या मासिकात लिही ना!

नाही. हे तुम्हालाच सांगायचंय. कारण सोळा वर्षांचं पोर आईबाबांना जे सांगत नाही, ते सांगण्यासाठी तीन-चारच ऑप्शन असतात. मित्र, जे स्वतःच सोळाचे असतात. इंटरनेट, जे रात्री दोन वाजता काय उत्तर देईल याचा नेम नाही. शिक्षक, जे वर्गात साठ-सत्तर डोकी सांभाळत असतात. आणि चौथा ऑप्शन म्हणजे दादा किंवा ताई. तो मावसभाऊ जो आयटीत आहे, ती वरच्या मजल्यावरची ताई जी रोज लॅपटॉपची बॅग घेऊन स्टेशनला पळते. म्हणजे तुम्ही. तुम्ही मोठे आहात, पण ‘मोठी माणसं’ नाही. या मधल्या जागेची पॉवर जबरदस्त आहे, आणि ती आणखी दहा वर्षांनी आपल्याकडे राहणार नाही.

आता थोडे आकडे. थोडेच, प्रॉमिस. जागतिक आरोग्य संघटना सांगते की १० ते १९ या वयातल्या दर सातांपैकी एका मुलाला काही ना काही मानसिक आजार असतो. आपल्याकडे बेंगळुरूच्या निम्हान्सनं २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय पाहणी केली, तेव्हा १३ ते १७ वयोगटात हे प्रमाण ७.३ टक्के निघालं, आणि महानगरांत १३.५ टक्के. सगळे मिळून हं, एकटं डिप्रेशन नव्हे. त्या पाहणीतल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. पण एका यादीत आपण आहोत, आणि दुर्दैवानं पहिले आहोत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांचा मृत्यू आत्महत्येनं झाला. त्यातले १,७६४ महाराष्ट्रातले, कुठल्याही राज्यापेक्षा जास्त.

प्रत्येक वेळी डिप्रेशनच कारणीभूत असतं असं नाही. पण वेळेत ओळखलं तर उपचार होऊ शकतात अशा कारणांत डिप्रेशनही आहे.

जिन्यातलं पिल्लू

आमच्या ओळखीतला एक मुलगा. (तो कोण ते कळू नये म्हणून तपशील बदललेत, शोधत बसू नका.) बारावी सायन्स, पहाटेचा क्लास, नंतर कॉलेजची हजेरी, संध्याकाळी पुन्हा टेस्ट सिरीज. लहानपणी बिल्डिंगच्या पॅसेजमध्ये बॉल आपटून आपटून सगळ्यांच्या शिव्या खाल्लेला. आता बॅट माळ्यावर. मित्रांच्या ग्रुपमधून तो ‘लेफ्ट’. आजी म्हणाली, दृष्ट लागली. बाबा म्हणाले, मोबाइल काढून घ्या. आई कुणालाच काही म्हणाली नाही, पण तिची झोप उडाली होती.

रात्री साडेनऊला मी घरी येत होते, तर स्वारी जिन्यात बसलेली. मी शेजारी टेकले. म्हटलं, ‘वडापाव आणलाय. अर्धा घे.’ बराच वेळ आम्ही काहीच बोललो नाही. मग तोच म्हणाला, ‘ताई, तुला कधी असं होतं का गं, की सगळे बोलतात पण ऐकूच येत नाही?’

मी म्हटलं, ‘कधीपासून होतंय?’

‘दिवाळीपासून.’

तेव्हा फेब्रुवारी सुरू होता.

मुद्दा असा, की तो बोलला ते मी फार हुशार प्रश्न विचारला म्हणून नव्हे. मी विचारलंच नाही म्हणून. चेहऱ्याला चेहरा लावून ‘बोल, काय प्रॉब्लेम आहे तुझा?’ असं केलं की कुठलंही पोर मिटतं. शेजारी बसून, एकाच दिशेला बघत, हातात काहीतरी खायला असताना ते उलगडतं. बाइकवर मागे बसलेलं असताना, मिठबंदर रोडनं चालताना, भांडी घासताना.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘कासव’ पाहिलाय? २०१६ चा सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला. आलोक राजवाडेनं त्यात डिप्रेशनमध्ये बुडालेला तरुण केलाय, आणि इरावती हर्षेनं त्याला आसरा देणारी बाई, जी स्वतः त्यातून गेलेली आहे. ती त्याला घरात ठेवून घेते, जेवायला घालते, आणि खूप काळ काही विचारतच नाही. कासवाला कवचातून ओढून बाहेर काढता येत नाही, एवढं साधं तत्त्व. बघितला नसेल तर या वीकएंडला नक्की बघा.

काय बोलू नये, काय बोलावं

काही वाक्यं आपल्या तोंडात तयारच असतात. ‘एवढं काय त्यात? आमच्या वेळी तर…’ (तुमची ‘वेळ’ संपून सात वर्षं झालीयेत फक्त!) ‘पॉझिटिव्ह विचार कर.’ ‘जिम लाव.’ ‘आईबाबा तुझ्यासाठी किती करतात बघ.’ हे शेवटचं तर सगळ्यात घातक, कारण डिप्रेशनमधल्या मुलाला आधीच वाटत असतं की आपण घरावर ओझं आहोत. आपण त्याच्या ओझ्यावर अजून एक दगड ठेवतो, आणि तेही प्रेमानं!

त्यापेक्षा जे दिसलंय तेवढंच सांगा. ‘गेले महिनाभर तू खाली येत नाहीस. जेवतोस पण कमी. मला काळजी वाटतेय.’ बस. निदान करायचं नाही, उपाय सांगायचा नाही. तो काही बोलला, तर ‘हे फार जड वाटत असेल ना’ एवढं पुरतं. आणि ‘काही नाही’ म्हणाला, तर ‘बरं. मी गुरुवारी परत विचारेन’ म्हणायचं. आणि गुरुवारी खरंच विचारायचं. ते खूप महत्त्वाचं.

आता अवघड प्रश्न. तो ‘जगण्यात अर्थ नाही’, ‘मी नसलो तर बरं होईल’ असं काही बोलला, किंवा आवडत्या वस्तू वाटून टाकायला लागला, तर? तर सरळ विचारायचं, ‘तुझ्या मनात जीव देण्याचे विचार येतात का?’

दचकलात? सगळेच दचकतात. आपण विचारलं तर त्याच्या डोक्यात नसलेलं येईल, अशी भीती वाटते. तसं होत नाही. यावर जगभर अभ्यास झालाय, आणि विचारल्यानं धोका वाढत नाही असंच दिसून आलंय. उलट कुणीतरी हे शब्द उच्चारू शकतं, हे कळूनच पुष्कळांना सुटल्यासारखं होतं.

उत्तर ‘हो’ आलं, तर तीन गोष्टी. त्याला एकटं सोडायचं नाही. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही. हे गुपित नाही, इमर्जन्सी आहे. ‘मी तुझ्या घरी सांगणार आहे, आणि सांगताना तुझ्यासोबत बसणार आहे’ असं स्पष्ट म्हणायचं. आणि त्याच दिवशी घरच्यांना सोबत घेऊन डॉक्टर गाठायचा. विचार पक्का झालेला दिसत असेल, तर थेट जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत.

एक नंबर आत्ताच मोबाइलमध्ये सेव्ह करा, १४४१६. केंद्र सरकारची टेली-मानस ही हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. आणि फक्त त्या मुलानंच फोन करावा असं नाही. ‘माझा भाऊ असं असं बोलतोय, मी काय करू?’ हे तुम्हीही विचारू शकता.

आता आईबाबा!

खरी टेस्ट मॅच इथे असते. कारण मुलगा अठराच्या आतला असेल, तर पालकांना बाजूला ठेवून तुम्ही त्याचे उपचार सुरू करू शकत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार अशा मुलांच्या बाबतीत निर्णयाची जबाबदारी पालकांकडेच असते. म्हणजे काका-काकूंशी बोलावंच लागणार.

बोलताना ‘तुमच्या मुलाला डिप्रेशन आहे’ अशी सुरुवात केलीत की संपलं. काकूंच्या डोळ्यांसमोर लगेच ते १९०१ वालं हॉस्पिटल! मी त्या मुलाच्या आईला एवढंच म्हटलं, ‘काकू, तो तीन महिने नीट झोपलेला नाही. एकदा डॉक्टरांना दाखवूया का?’ झोप या शब्दाला कुणाचीच हरकत नसते. झोप, भूक, वजन, थकवा, हे दरवाजे सगळ्या घरांत उघडे असतात. आणि त्यात फसवाफसवी अजिबात नाही, कारण आजार तिथेही असतोच.

फॅमिली डॉक्टरपासून सुरुवात केली तरी चालतं. रक्त तपासून घेणं चांगलंच, कारण थायरॉइड बिघडलं असेल किंवा हिमोग्लोबिन कमी असेल तरी माणूस असाच गळून जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१९-२१ मध्ये १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला होता. तेव्हा मुलगी सारखी थकलेली असेल, तर दोन्ही शक्यता तपासा, एकीच्या नावावर दुसरी सोडू नका.

पुढे सायकिअ‍ॅट्रिस्ट की सायकॉलॉजिस्ट, हा गोंधळ. सायकिअ‍ॅट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस करून पुढे मनोविकारशास्त्र शिकलेला डॉक्टर, तो औषधं देऊ शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषधं देत नाही, बोलण्यातून, विचारांची सवय बदलण्यातून उपचार करतो. हलकं असेल तर पुष्कळदा थेरपी पुरते. मध्यम ते तीव्र असेल तर दोन्ही लागू शकतं. अमेरिकेत ४३९ टीनएजर मुलांवर झालेला एक मोठा अभ्यास २००४ साली आला. बारा आठवड्यांनंतर औषध आणि थेरपी दोन्ही मिळालेल्यांपैकी ७१ टक्के मुलांना फरक पडला होता. नुसत्या औषधानं सुमारे ६१, नुसत्या थेरपीनं ४३ आणि खोट्या गोळीनं ३५ टक्के.

‘पण गोळ्यांची सवय लागते म्हणे!’ हा प्रश्न येणारच. डिप्रेशनच्या नेहमीच्या गोळ्यांचं दारूसारखं व्यसन लागत नाही. पण त्या स्वतःच्या मनानं एकदम बंद करायच्या नसतात. फरक पडायला चार ते सहा आठवडे लागतात. आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००४ मध्येच इशारा दिलाय, की काही मुलांमध्ये सुरुवातीच्या काळात बेचैनी आणि आत्मघाताचे विचार वाढू शकतात. म्हणून पहिले काही आठवडे डॉक्टरांच्या संपर्कात राहायचं, लक्ष ठेवायचं. घाबरून उपचारच टाळायचे, असा त्याचा अर्थ नाही.

आपलं ठाणं

आता त्या जोकची दुसरी बाजू. ज्या शहराच्या नावावर देश हसतो, त्याच शहरात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी आणि सहकाऱ्यांनी इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ, म्हणजे आपली आयपीएच, उभी केली. मनाच्या आरोग्याबद्दल मराठीत, घरगुती भाषेत बोलायची सवय या गावाला संस्थेनं लावली. १९९१ पासून त्यांची ‘वेध’ परिषद सुरू आहे, जिथे करिअर म्हणजे फक्त इंजिनीअरिंग-मेडिकल नव्हे, हे मुलांना माणसांच्या गोष्टींतून कळतं. आपल्यापैकी कित्येकांनी शाळेत असताना ‘वेध’ला हजेरी लावलीय! शिवाय मनोरुग्णालयात नुसता वॉर्ड नसतो, बाह्यरुग्ण विभागही असतो. तिथे जाणं म्हणजे भरती होणं नव्हे. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाचा पर्यायही आहे. खासगी फी परवडत नाही म्हणून कुणी थांबायची गरज नाही.

कायदाही बदललाय. जीव देण्याचा प्रयत्न केलेल्या माणसाला पूर्वी पोलीस केसची भीती असायची. २०१७ चा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला, आणि अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरून तिला शिक्षा नव्हे, मदत द्यायची, हे त्यानं ठरवलं. १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत तर जुनं ३०९ कलम त्या रूपात राहिलेलंच नाही. आणि २५ जुलै २०२५ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत, कोचिंग क्लास धरून, प्रशिक्षित समुपदेशक हवा. तुमच्या भाचीच्या क्लासमध्ये आहे का? फी भरायला जाल तेव्हा काउंटरवर विचारून बघा. दहा जणांनी विचारलं की अकराव्या वेळी उत्तर तयार असतं.

जिन्यातल्या त्या मुलाचं काय झालं, म्हणून विचाराल. सिनेमासारखं काही झालं नाही. आई घेऊन गेली, बाबा तिसऱ्या भेटीला आले. आधी झोप आली, मग भूक, मग चिडचिड कमी झाली. अभ्यास सगळ्यात शेवटी आला. परीक्षेत त्याला हवे होते तेवढे मार्क मिळाले नाहीत. पण मार्क कमी पडल्याचं वाईट वाटणं आणि जगणंच नको वाटणं यातला फरक आता त्याला कळतो. पॅसेजमध्ये पुन्हा बॉल आपटतो आणि तळमजल्याचे आजोबा पुन्हा ओरडतात. मी आजोबांना काही सांगितलेलं नाही, पण तो आवाज आला की मला बरं वाटतं.

तर मंडळी, एक छोटंसं काम. आपल्या घरात, बिल्डिंगमध्ये, गावाकडच्या चुलत-मावस गोतावळ्यात तेरा ते एकोणीसमधलं कोण कोण आहे, मनातल्या मनात मोजा. त्यातलं कोण हल्ली दिसत नाही? कोण ग्रुपवर गप्प आहे? त्याला आज फोन करू नका, टीनएजर लोकांना फोन आलेला आवडत नाही! मेसेज टाका, ‘रविवारी खाली ये, वडापाव खाऊ.’ आणि ते ‘कशाला?’ म्हणालं, तर उत्तर ठरलेलं आहे.

‘काही नाही. असंच.’